एकवीस दिवसांचं खूळ आणि एक खाडा

परवा रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला. पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो, राज्यसेवेची तयारी करतो, हा दुसरा प्रयत्न. आवाज पार पडलेला. "मावशी, माझ्यात शिस्तच नाही गं. तिसऱ्यांदा शून्यावर आलो." मला वाटलं, टेस्टचे मार्क. मग कळलं, भिंतीवरच्या कॅलेंडरवर पठ्ठ्या रोज लाल फुली मारत होता. सतराव्या दिवशी ताप आला, फुली राहिली. नियमाप्रमाणे मोजणी पुन्हा एकपासून.

हा नियम आला कुठून? आमच्याच नातेवाइकांच्या ग्रुपवरून. एका काकांनी टाकलेले 'यशस्वी लोकांचे ५ नियम', मागे उगवता सूर्य. तुमच्याकडेही फिरून गेले असतील. कोणतीही सवय २१ दिवसांत लागते, पण एक दिवस जरी चुकला तर शून्यापासून सुरुवात करा. पहाटे ४ ला ब्राह्ममुहूर्तावर उठा. रोज १ टक्का सुधारा, वर्षात ३७ पट व्हाल. इच्छाशक्ती असली की परिस्थिती आडवी येत नाही. मोबाईल दूर ठेवा.

पहिल्या नियमावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण पोराला आडवं केलं ते त्यानंच.

हा २१ चा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनकडून आला. नाकाचं ऑपरेशन केलेल्या माणसाला आरशातल्या नव्या चेहऱ्याची ओळख पटायला 'किमान साधारण २१ दिवस' लागतात, असं त्यानं १९६० सालच्या आपल्या पुस्तकात लिहिलं. पेशंट बघून केलेलं निरीक्षण होतं ते, प्रयोग वगैरे नव्हता. पुढे हातोहात जाताना 'किमान' गळलं, 'साधारण' गळलं, आणि नाकाच्या जागी पहाटेचा अभ्यास येऊन बसला.

सवय लागायला खरंच किती दिवस लागतात हे मोजलं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. ९६ जण घेतले. प्रत्येकानं आपल्या मनानं एक काम निवडलं, जेवणाबरोबर फळ खायचं, सकाळच्या कॉफीनंतर पोटाचे व्यायाम करायचे, असं काहीतरी. ते रोज ठरल्या वेळी करायचं आणि नोंद ठेवायची, ८४ दिवस. काम आपसूक व्हायला लागायला कुणाला १८ दिवस लागले, तर कुणाला हिशेबानं २५४ लागतील असं निघालं. मधला आकडा ६६. (आता लोक '६६ दिवसांचं चॅलेंज' पाठवायला लागलेत. त्यांनी तो १८ आणि २५४ पुन्हा वाचावा.) पाण्याचा ग्लास लवकर अंगवळणी पडला, व्यायामाला बराच जास्त वेळ लागला. आता काय, रोज दोन तास अर्थशास्त्र वाचणं हे पाणी पिण्यासारखं आहे का?

आणि काकांनी, किंवा ज्यानं कुणी हा मेसेज रचला त्यानं, डोळे उघडून वाचावी अशी गोष्ट त्याच अभ्यासात आहे. मध्ये एखाद्या दिवशी खाडा पडला तर सवय लागण्यावर म्हणावा असा फरक पडला नाही. म्हणजे सोळा दिवसांचं केलेलं सतराव्या दिवशीच्या तापात वाहून जात नाही. 'शून्यापासून' हे कुणीतरी स्वतःच्या मनानं चिकटवलेलं शेपूट आहे. त्या शेपटापायी एक बरा मुलगा तीन वेळा स्वतःला नालायक ठरवून बसला. पहिला खाडा आजीच्या वर्षश्राद्धाला गावी आला म्हणून. दुसरा रूममेटला ॲडमिट करावं लागलं म्हणून. तिसरा १०२ तापात. यातला कुठला दिवस शिस्त नसल्याचा, हे मला काकांनी सांगावं.

पहाटे ४ चं थोडक्यात. ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाच्या ९६ मिनिटं आधी सुरू होतो आणि ४८ मिनिटं असतो. पुण्यात वर्षातला सगळ्यात लवकरचा सूर्योदय सहाच्या जेमतेम आधी. करा वजाबाकी, ४ ला ब्राह्ममुहूर्त पुण्यात कधीच लागत नाही. ते जाऊ दे. लवकर उठण्याला माझा विरोध नाही. आमचे अण्णा धार काढायला चारलाच उठायचे, पण ते नवाला घोरत असायचे. भाच्याची अभ्यासिका अकराला बंद होते, खोलीवर येऊन पडेपर्यंत बारा. चार तासांच्या झोपेवर वाचलेलं डोक्यात राहत नाही, आणि गजर एकाचा वाजला तरी झोप चौघांची मोडते.

१ टक्कावाल्यांचं गणित बरोबर आहे, १.०१ चा ३६५ वा घात ३७.७८ येतो. भाचा रोज आठ तास वाचतो. वर्षानं ३७ पट, म्हणजे दिवसाला २९६ तास. चक्रवाढ व्याज आहे हे, तेही रोज १ टक्का देणाऱ्या पतपेढीचं. अशी पतपेढी कुठं आढळली तर पोलिसांत कळवा.

परिस्थिती आडवी येत नाही म्हणे! तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांची २०१३ साली प्रसिद्ध झालेली एक पाहणी आहे. त्याच शेतकऱ्यांना तोडणीआधी, हातात पैसा नसताना, आणि तोडणीनंतर पैसा आल्यावर बुद्धीच्या चाचण्या दिल्या. आधी कमी मार्क, नंतर जास्त. माणसं तीच. वाळव्यात ऊस लावणाऱ्या माझ्या बहिणीच्या घरात हे सांगायला पाहणी कशाला लागते? बिल लांबलं की मेसचे पैसे लांबतात, आणि त्या आठवड्यात पोराचं वाचन होत नाही. काका पेन्शनीत आहेत, त्यांचं महिन्याच्या महिन्याला जमा होतं.

आणि काकांचं रोजचं चालणं? ते मोडत नाही, कारण कट्ट्यावरचे तिघं सहाला गेटवर येऊन हाका मारतात. पावसात ते आले नाहीत की काकाही जात नाहीत, काकूच सांगतात.

मोबाईलचं मात्र मान्य करावं लागेल. चडफडत, पण मान्य. फक्त भाच्याच्या नोट्स, टेस्ट सिरीज, चालू घडामोडी सगळं मोबाईलवरच, मग दूर कुठं ठेवणार? त्यानं आता स्वतःच तोडगा काढलाय. दुपारी जेवण झालं की फोन अभ्यासिकेच्या काउंटरवर द्यायचा, ठरलेल्या खुर्चीत बसायचं, पाचच्या चहाला परत घ्यायचा. उठतो साडेसहाला. परवा एक दिवस विसरला, फोन खिशातच राहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिला.

लाल पेन त्यानं रूममेटला देऊन टाकलं. कॅलेंडर भिंतीवर आहे अजून, त्यावर तो मेसचे खाडे मांडतो. महिनाअखेरीला तेवढे पैसे बिलातून वळते होतात.