सहज काढलेला फोटो कसा काढून घ्यावा

सुट्टीत परक्या शहरात जायचं ठरलं की तिकिटं, व्हिसा, हॉटेल ही किरकोळ कामं कुणीही करतं. तुम्ही आधी फोटोग्राफर ठरवा. शहराचं काय, ते कित्येक शतकं तिथेच आहे, पुढेही राहील. तुम्ही तिथे चारच दिवस असणार. त्या चार दिवसांत तुम्ही किती निवांत होतात, एकमेकांत किती रमला होतात याचा पुरावा नसेल, तर परत आल्यावर तुमचं ऐकणार कोण?

फोटोग्राफर नव्हते तेव्हा लोक काय करायचे ते आठवा. रस्त्याने जाणाऱ्या एखाद्या सज्जनाला थांबवून त्याच्या हातात फोन द्यायचे. तो सज्जन मनोऱ्याचं टोक कापायचा, तुमचे पाय घोट्यातून कापायचा आणि कचऱ्याचा डबा तेवढा अखंड, मधोमध घ्यायचा. काम फुकटचं, त्यामुळे तक्रारीची सोय नाही. ‘वा, मस्त!’ म्हणून फोन परत घ्यायचा आणि तो कोपऱ्यावर वळला की दुसरा सज्जन गाठायचा. त्याहून वाईट पर्याय म्हणजे घरचाच माणूस. मी एका प्रवासात बायकोचे दोनशे बारा फोटो काढले होते. त्यांतल्या दोनशे बारा फोटोंत तिचे डोळे मिटलेले आहेत, असं तिचं म्हणणं. उरलेल्या प्रवासात आम्ही एकमेकांशी जे बोललो ते बसच्या वेळांबद्दल.

तेव्हा फोटोग्राफर हवाच. निवडताना त्याचं पान उघडा आणि रात्री दोनपर्यंत अंगठा दुखेस्तोवर सरकवत राहा. तिथली सगळी माणसं सडपातळ असतात, वारा नेहमी केसांच्या सोयीने वाहतो आणि घाम कुणालाच येत नाही. त्याला काही विचारायचा मोह होईल: किती तास, एडिट केलेले किती फोटो मिळणार, किती दिवसांत, पाऊस आला तर काय, अॅडव्हान्स परत मिळतो का, आमचे फोटो तुम्ही जाहिरातीत वापरणार का. असले प्रश्न कारकुनी वृत्तीची माणसं विचारतात. तुम्ही फक्त ‘तुमची स्टाइल काय?’ एवढंच विचारा. ‘मी क्षण टिपतो,’ असं तो सांगेल. सगळेच सांगतात. कराराची दोन पानं येतील, ती न वाचता सही करा. शेवटून दुसरं कलम तर अजिबात वाचू नका.

मग रेफरन्स पाठवा. रेफरन्स म्हणजे दुसऱ्या जोडप्यांचे फोटो, जे बघून तुमचे फोटो अगदी तुमच्यासारखे यावेत. चाळीसपेक्षा कमी पाठवलेत तर तो तुम्हाला हौशी समजेल. त्यांत बर्फातला एक हवाच, मग तुम्ही जूनमध्ये का जात असेना. आम्ही पाठवलेल्या एका फोटोत जोडपं डावीकडे कुठेतरी लांब बघत होतं. क्षितिजापलीकडचं काहीतरी त्यांना दिसलं होतं आणि आपल्याला ते या जन्मी दिसणार नाही, असे चेहरे. बायकोने त्यावर तीन वेळा गोल केला आणि खाली लिहिलं, ‘अगदी असं.’

वेळ तो ठरवेल, आणि ती पहाटेची असेल. कारण शास्त्रीय आहे. सूर्य क्षितिजाजवळ असतो तेव्हा उजेडाला हवेच्या जाड थरातून यावं लागतं, निळा प्रकाश वाटेतच विखुरतो, उरतो तो पिवळा-तांबूस, आणि त्यात कुणाचाही चेहरा सुखी दिसतो. भर दुपारी ऊन डोक्यावरून पडतं, डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो आणि सुट्टीवर आलेला माणूस जामिनावर सुटल्यासारखा दिसतो. म्हणून सूर्योदय. जूनमध्ये पॅरिसला तो सहाच्या आत होतो, म्हणजे केस आणि मेकअप धरून तुम्ही तीनला उठायचं. कुरकुर करू नका. सुट्टी आहे, झोपायला ऑफिस आहे की.

पहाटेचा दुसरा फायदा असा की चौक रिकामा मिळतो. निदान तशी समजूत आहे. प्रत्यक्षात आयफेल टॉवरसमोरच्या त्रोकादेरोच्या गच्चीवर सूर्याच्या आधी तुमच्यासारखीच जोडपी पोचलेली असतात. प्रत्येकाबरोबर आपापला फोटोग्राफर, आणि सगळे त्या एकांताची वाट बघत रांगेत. रात्री जाल तर टॉवरवरचे वीस हजार दिवे दर तासाला पाचच मिनिटं लुकलुकतात, त्यामुळे शंभर जणांच्या आयुष्यातला अविस्मरणीय क्षण एकाच पाच मिनिटांत उरकावा लागतो.

रिकामा रस्ता मिळवण्याची खरी युक्ती छायाचित्रणाच्या जनकांपैकी एक, फ्रान्सच्या लुई दागेरला सापडली होती. १८३८ साली त्याने पॅरिसमधल्या एका हमरस्त्याचा फोटो खिडकीतून काढला. रस्ता वाहता होता, पण फोटो उमटायला काही मिनिटं लागत, त्यामुळे हलणारं काहीच उमटलं नाही. गाड्या, घोडे, माणसं सगळं गायब. उमटला तो फक्त एका जागी पाय ठेवून बूट पॉलिश करून घेणारा एक गृहस्थ, आणि पॉलिशवाला, पुसटसा. माणूस दिसणारा सर्वांत जुना ज्ञात फोटो म्हणून तो ओळखला जातो. त्या गृहस्थाला आपला फोटो निघतोय याचा पत्ताही नसावा. इतका अस्सल कँडिड, म्हणजे नकळत टिपलेला फोटो, पुढे कुणाचाच निघाला नाही, आणि त्याने पैसे दिले असतील तर फक्त पॉलिशचे. आता हे काम सॉफ्टवेअर करतं. कॅमेरा तिपाईवर ठेवून वीस-तीस फोटो काढायचे. प्रत्येकात गर्दी वेगळ्या जागी असते, म्हणून सगळ्यांत जे सारखं आहे तेवढं ठेवायचं आणि बाकीचं पुसायचं. अट एकच, तुम्ही हलायचं नाही. पुसली जाणारी माणसं शहर बघत असतात. तुम्हाला उरायचं असेल तर पुतळ्यासारखे उभे राहा.

कपड्यांबद्दल थोडक्यात सांगतो. चार जोड न्या, त्यांतला एक वाऱ्यावर उडणारा. ड्रेस सैल असला तरी चिंता नको. फोटोग्राफरच्या पिशवीत चिमटे असतात, ते तो पाठीमागे लावतो. पुढून राणी, मागून वाळत घातलेला कपडा. टाचांचे बूट घाला, कारण जुन्या शहरांतले दगडी रस्ते टाचा मोडण्यासाठीच बांधलेले असतात. कपडे बदलण्याची जागा कोणती, हे मात्र कुठल्याही जाहिरातीत लिहिलेलं नसतं. ती सार्वजनिक स्वच्छतागृहात असते, आणि तिथे रांग असते.

आता मुख्य विद्या, म्हणजे सहज दिसणं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं म्हणतात. म्हणणाऱ्याने कँडिड फोटोशूट केलेलं नसावं. फोटोग्राफर तुमच्याजवळ थांबत नाही. जवळून वाइड लेन्सने काढलं तर नाक उरलेल्या चेहऱ्याच्या आधी पोचतं, म्हणून तो ८५ मिलिमीटरची लेन्स लावून लांब जातो आणि तिथून ओरडतो. ‘चालत या! कॅमेऱ्याकडे नाही! एकमेकांकडे! हसा! मॅडम, तुम्ही त्यांच्या कानात काहीतरी सांगा! काहीही! सर, तुम्ही लाजा!’ झाडूवाला झाडू थांबवून मी कसा लाजतो ते बघत उभा राहिला.

बायको कानाशी आली.

‘चावी तुझ्याकडे आहे ना?’

‘कुठली?’

‘घराची.’

‘तुझ्याकडेच दिली होती की.’

‘माझ्याकडे? कधी?’

‘सुंदर!’ लांबून आवाज आला. ‘हेच! असंच चालू ठेवा!’

चालू ठेवलं. तो रस्ता आम्ही नऊ वेळा चाललो. सातव्या खेपेला माझी टाच सोलली, नवव्या खेपेला चावी बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात असल्याचं बायकोला आठवलं आणि ती खरोखर हसली. अगदी खोकला येईपर्यंत. नेमका तेव्हा फोटोग्राफर बॅटरी बदलत होता. ‘छान होतं ते, पुन्हा एकदा कराल का?’ असं त्याने विचारलं. तुम्हालाही विचारेल. करून दाखवा. खऱ्या हसण्याला हिरड्या दिसतात, दुसऱ्यांदा केलेल्याला दिसत नाहीत. फोटोला दुसरंच चांगलं.

शहरांचं म्हणाल, तर तीही हल्ली उत्साहाने सहकार्य करतात. रोममध्ये स्पॅनिश स्टेप्सवर बसून गालावर हात ठेवायचा बेत असेल तर तो उभ्यानेच उरका, २०१९ पासून त्या पायऱ्यांवर बसलं की दंड होऊ शकतो. व्हेनिसच्या मुख्य चौकात कबुतरांना दाणे टाकून ती उडवायची असतील तर २००८ पासून त्यालाही बंदी आहे, कबुतरांना तोंडी विनंती करून बघा. जपानमधल्या क्योतोच्या गिओन भागात खासगी गल्ल्यांत विनापरवाना फोटो काढला तर दहा हजार येन दंडाची पाटी आहे. पॅरिसच्या र्‍यू क्रेम्यू या रंगीत घरांच्या गल्लीतल्या रहिवाशांनी २०१९ साली मागणी केली की संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी आम्हाला फाटक लावून द्या. आपल्याच दारातून बाहेर पडायला त्यांना कुणाचीतरी पोझ संपायची वाट बघावी लागत होती. ऑस्ट्रियातल्या हालश्टाटने २०२३ मध्ये सेल्फीच्या प्रसिद्ध जागेसमोर चक्क लाकडी कुंपण घातलं आणि ओरड झाल्यावर काढलं. फुजी पर्वताजवळच्या गावाने २०२४ मध्ये एका दुकानासमोर काळी जाळी लावून खुद्द पर्वतच झाकला. या लोकांना रसिकता नाही. तुमच्या उंबरठ्यावर रोज सकाळी कुणी उडता झगा घालून गिरक्या घेतल्या असत्या, तर तुम्ही आनंदाने बाजूला सरकला असतात, हो ना?

काही विघ्नसंतोषी लोक म्हणतात, फोटोच्या नादात शहर बघायचं राहतं. त्यांच्या बाजूने संशोधनही आहे. लिंडा हेंकेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी संग्रहालयात प्रयोग केला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. ज्या वस्तूंचे पूर्ण फोटो काढले, त्या वस्तू माणसांना नुसत्या बघितलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. यातलं मर्म त्या विघ्नसंतोषींना कळलेलंच नाही. फोटो काढणारा विसरतो! फोटोग्राफर नेमला की तेही काम त्याच्या गळ्यात. आपण विसरत नाही. विसरण्यासाठी आधी बघावं लागतं, आणि आपली तर शहराकडे पाठ असते. मला त्या प्रसिद्ध कारंज्याबद्दल विचारा, मी अजून सांगू शकतो: समोर एक औषधांचं दुकान आहे, त्याचं शटर हिरवं आहे.

फोटो तीन आठवड्यांनी आले. सहाशे काढले होते, साठ मिळाले. बाकीचे मागू नका. कच्च्या फाइली मागणं म्हणजे स्वयंपाकघरात शिरून भांडी तपासण्यासारखं आहे, फोटोग्राफर दुखावतो. आलेल्या साठांत तुम्ही दोघं एकाच वेळी चांगले दिसता असे फोटो चार. त्या चारही फोटोंत आमच्या मागचं आकाश आम्ही पाहिलेलं नव्हतं. त्या दिवशी ढग होते. पण २०२० पासून फोटोशॉपमध्ये आभाळ बदलायची सोयच आहे, आणि आमचा सूर्य त्याने मागच्या घुमटाआड बसवला होता. सावल्या मात्र उलट्या बाजूला पडल्या होत्या, त्यामुळे बारकाईने बघणाऱ्याला शहरात दोन सूर्य असल्याचा संशय येतो. बारकाईने कुणी बघत नाही. एकशे चाळीस जणांनी बदाम टाकले, माझ्या मावसभावाने विचारलं, ‘हा फोटो काढला कुणी?’ तेव्हा मी तुम्हाला शिकवतोय तेच उत्तर दिलं: ‘अरे, कुणीतरी जाता जाता काढला.’

आणि ते शेवटून दुसरं कलम. कित्येक देशांत फोटोचा हक्क तो काढणाऱ्याचा असतो, चेहऱ्याच्या मालकाचा नसतो. शिवाय आमचे फोटो त्याच्या जाहिरातीसाठी वापरायला आम्ही सही करून परवानगीही दिली होती. परवा सहज त्याचं पान उघडलं तर सगळ्यांत वर आम्हीच. बायकोचा हात माझ्या दंडावर, ड्रेस मागून चिमट्यांत, आणि आम्ही दोघं डावीकडे, लांब, क्षितिजापलीकडे बघतोय. अगदी असं.

तो फोटो कधीचा ते मला पक्कं आठवतं. चौथा जोड बदलायचा होता. डावीकडे स्वच्छतागृह होतं, बाहेर सतरा माणसं उभी होती, आणि रांग पुढे सरकतेय का, ते आम्ही बघत होतो.

फोटोखाली एका मुलीने लिहिलंय, ‘आम्ही सप्टेंबरमध्ये येतोय. आम्हाला अगदी असाच लूक हवा. जमेल का?’

फोटोग्राफरचं उत्तर आहे: ‘नक्की. जागा मला माहीत आहे.’