पँट ३४ची, बीएमआय २२, तरी पोटाची काळजी का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा : उंची १७० सें.मी., वजन ६४ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२. पँट वर्षानुवर्षं ३४चीच. रोज १०० सिट-अप्स, सकाळी मध-लिंबू पाणी आणि रविवारी पर्वती टेकडी असूनही पोट जात नाही, म्हणजे ते आनुवंशिक. तेव्हा पोटाच्या चरबीवरून आम्ही लोकांना उगाच घाबरवू नये.

आधी पँटचं बघू. पोट सुटलं की पट्टा त्याच्या खाली सरकतो, त्यामुळे साइज तोच राहतो. टेपच लावा : सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, कातडीवर, जमिनीला समांतर, श्वास सहज सोडल्यावर. पोट आत ओढायचं नाही (सगळे ओढतात). भारतीय पुरुषांसाठी धोक्याची रेषा ९० सें.मी., बायकांसाठी ८०. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, असाही एक सोपा निकष आहे. तुमच्यासाठी तो ८५.

बीएमआय २२चं म्हणाल, तर त्याचं गाजलेलं उदाहरण पुण्याचंच आहे. पुण्यातल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारीशेजारी उभा असलेला फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. बीएमआय दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी, पण चरबीत त्या मानाने मागे नाहीत, असं याज्ञिकांच्याच अभ्यासात दिसलं. म्हणजे कल जन्मापासूनचा असू शकतो, इथवर तुमचं बरोबर. पण मग आपण जास्त लवकर सावध व्हायला हवं ना?

चिमटीत येते ती कातडीखालची चरबी त्यामानाने निरुपद्रवी. आतड्यांभोवतीची वाईट, कारण तिथून सुटणारी मेदाम्लं थेट यकृतात जातात. यकृतात चरबी साठते, इन्सुलिनला दाद मिळेनाशी होते, साखर आणि ट्रायग्लिसराइड्स वाढतात, चांगलं कोलेस्टेरॉल उतरतं. ही आतड्यांभोवतीची चरबी पोटाच्या स्नायूंच्या थरामागे, आतल्या बाजूला असते. सिट-अप्सनी वरचा स्नायू बळकट होतो, पण त्याच्या जवळची चरबी निवडून जळत नाही. मध-लिंबाने तर काहीच वितळत नाही. मोठा चमचाभर मधाच्या साठेक कॅलरी तेवढ्या वाढतात.

पर्वती मात्र सोडू नका, वाढवा. १०३ पायऱ्या एकदा चढून खाली वडापाव खाल्ला तर हिशेब तोट्याचाच. बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस चाला. रविवारी पर्वतीच्या तीन-चार फेऱ्या मारा. गुडघे दुखत असतील तर सपाटीवर. त्याशिवाय आठवड्यातून दोनदा बैठका, भिंतीला हात टेकून दंड आणि पाण्याचे डबे उचलणं : प्रत्येकी १०-१२ वेळा, तीन फेऱ्या. हे टाळून नुसतं जेवण तोडलं तर स्नायू झिजतात, आणि वजन परत येतं तेव्हा बहुतेक चरबीच येते.

ताटात प्रथिनं कमी पडतात ती पातळ वरणामुळे. तुमच्या वजनाला दिवसाला ५५-६० ग्रॅम हवीत. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात, एका अंड्यात सहा, १०० ग्रॅम पनीरमध्ये अठरा, ५० ग्रॅम कोरड्या सोयावड्यांत पंचवीस. भात निम्मा करा, त्या जागी मटकीची उसळ घ्या. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर. साबुदाण्याची खिचडी उपासाची असली तरी ती पिष्ट, दाणे आणि तूपच. दारू घेत असाल तर आधी तीच कमी करा.

तुमचं वजन मुळात जास्त नाही, म्हणून काट्यावर फार फरक दिसणार नाही. महिन्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, टेपच बघा. आकडा हलायला तीन-चार महिने लागतात. सोबत रक्तदाब, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांतली सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड्स) आणि एसजीपीटी (यकृतासाठी) या तपासण्या करून घ्या. एचबीए१सी ५.७ टक्के किंवा वर आला तर डॉक्टरांना दाखवा. आणि पोट काही आठवड्यांतच फुगलं असेल, पाय सुजत असतील, तर ती चरबी नसून पोटात साठलेलं पाणी असू शकतं. तिथे व्यायामाची वाट न बघता लगेच तपासून घ्या.