‘टायरॅड्स ४ म्हणजे कॅन्सरच’ म्हणे!

थायरॉइडच्या गाठींबद्दल एक मेसेज फिरतोय: ‘सोनोग्राफीत टायरॅड्स ४ आलं तर कॅन्सर धरूनच चाला. गाठ जेवढी मोठी, तेवढा धोका जास्त. रक्तातलं टीएसएच नॉर्मल असेल तर निर्धास्त राहा. दरवर्षी प्रत्येकाने गळ्याची सोनोग्राफी करा.’ चार वाक्यं आहेत, एकही धड नाही.

‘४’चा घोळ बहुधा चौथ्या स्टेजवरून झालाय. टायरॅड्स म्हणजे आजाराची स्टेज नव्हे, गाठीच्या रूपाला दिलेले गुण. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीच्या २०१७च्या पद्धतीत पाच गोष्टी बघतात: गाठ भरीव की पाण्याची, भोवतालच्या ग्रंथीपेक्षा किती काळी, आडवी की उभी, कडा कशा, आत चमकते ठिपके आहेत का. प्रत्येक गोष्टीला गुण देतात; त्यांची बेरीज ४ ते ६ आली की टायरॅड्स ४, म्हणजे चौथा गट. या गटातल्या शंभरांपैकी साधारण नऊ गाठी कॅन्सरच्या निघतात. पाचव्या गटात सुमारे पस्तीस. निदान त्यानंतर सुईने गाठीतल्या पेशी काढून केलेल्या तपासणीवर किंवा ऑपरेशनवर ठरतं.

आकाराचं म्हणाल तर चार सेंटीमीटरची स्पंजासारखी गाठ सुईविना सोडतात, आणि एक सेंटीमीटरची काळी, भरीव, उभी, ठिपकेवाली गाठ सोडत नाहीत. सुई कधी घालायची हे ठरवताना मात्र आकार बघतात: तिसऱ्या गटात अडीच, चौथ्यात दीड आणि पाचव्यात एक सेंटीमीटरपासून पुढे. (मोठी गाठ गिळताना अडते, तो त्रास वेगळा.)

टीएसएचबद्दलचा दिलासा मला सगळ्यात घातक वाटतो. टीएसएच म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन; थायरॉइडचं हार्मोन जास्त झालं की ते कमी होतं. ग्रंथी काम कसं करते, एवढंच ते सांगतं. थायरॉइडचा कॅन्सर असलेल्या बहुतेकांचं टीएसएच नॉर्मलच असतं. उलट गाठच जास्तीचं हार्मोन बनवू लागली आणि त्यामुळे टीएसएच खाली गेलं, तर ती गाठ क्वचितच कॅन्सरची असते!

सरसकट सोनोग्राफीचा अनुभव दक्षिण कोरियाने घेतलाय. २०११ साली तिथे थायरॉइड कॅन्सरच्या निदानाचं प्रमाण १९९३च्या पंधरा पट झालं होतं. मृत्यूंचं प्रमाण होतं तेवढंच राहिलं. सापडलेल्या बहुतेकांची ऑपरेशनं झाली. पूर्ण ग्रंथी काढली की थायरॉइड हार्मोनची गोळी जन्माची, आणि काहींच्या आवाजाच्या नसेलाही इजा होते. हाताला गाठ लागत असेल, आवाज बसलेला राहत असेल, लहानपणी मानेला रेडिएशन मिळालं असेल किंवा घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर झाला असेल, तर गोष्ट निराळी. त्यांनी डॉक्टरांना दाखवावं, मेसेज वाचत बसू नये.