तुळस रात्री ऑक्सिजन देत नाही, आणि पिंपळही नाही

ऊन तापायला लागलं की हा मेसेज सोलापुरात पुन्हा फिरायला लागतो. गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीच्या ग्रुपवर तो एका दिवसात तीनदा आला. मजकूर थोडक्यात असा: 'पिंपळ आणि तुळस चोवीस तास ऑक्सिजन देतात. तुळस ओझोनही सोडते. स्नेक प्लांट रात्री हवा शुद्ध करतो, हे नासाने सिद्ध केलंय. या कुंड्या झोपायच्या खोलीत ठेवा, ना एसी लागेल ना ऑक्सिजनचं मशिन. बाकीची झाडं मात्र रात्री खोलीत नकोत, ती विषारी वायू सोडतात.'

शेजारच्या काकूंनी तो वाचला आणि काकांच्या खाटेभोवती सहा कुंड्या मांडल्या. 'ऑक्सिजन बाहेर जायला नको' म्हणून खिडकीही लावून घेतली. काकांच्या फुप्फुसांचा आजार जुना आहे. रात्री मशिनवर ऑक्सिजन घ्यायला डॉक्टरांनी सांगितलंय. काकू मला म्हणाल्या, "अगं, तू शाळेत विज्ञान शिकवतेस ना, सांग बघू, आता मशिन बंद ठेवलं तर चालेल का? लाइट बिल फार येतंय." त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पहिला दावा चोवीस तासांचा. पानातून बाहेर पडणारा ऑक्सिजन पाण्यातून येतो. प्रकाश पानातल्या हरितद्रव्यावर पडला की त्या जोरावर पाण्याचा रेणू फुटतो आणि ऑक्सिजन सुटतो. १९४१ मध्ये रूबेन आणि केमेन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी ज्याच्या रेणूत जड ऑक्सिजन (नेहमीपेक्षा वजनदार, म्हणून वेगळा ओळखू येणारा) आहे असं पाणी वापरून हे तपासलं, तेव्हा बाहेर आलेला वायू त्याच पाण्यातला निघाला. प्रकाश नाही तर पाणी फुटत नाही, आणि पाणी फुटलं नाही तर ऑक्सिजन नाही. यातून पिंपळाला सूट नाही, तुळशीलाही नाही. अंधारात दोघंही आपल्यासारखाच श्वास घेतात, म्हणजे ऑक्सिजन आत आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर. यान इंगेनहाउस या डच डॉक्टरने हे १७७९ मध्येच दाखवून दिलं होतं. माशांच्या टाकीतली हायड्रिला पाण्याच्या ग्लासात टाकून उन्हात ठेवा, देठातून बुडबुड्यांची माळ निघते. वर जाड कापड टाका, थोड्या वेळात ती थांबते. दरवर्षी वर्गात मुलं हे बघतात आणि घरी जाऊन तोच मेसेज पुढे पाठवतात, याचं मला वाईट वाटतं.

मग 'रात्री' हा शब्द आला कुठून? त्याच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे, आणि ती मेसेजपेक्षा कितीतरी सुंदर आहे. पानफुटी, कोरफड, निवडुंग, स्नेक प्लांट, बांधावरचं केकताड, आपल्या सांगोल्याकडे आता लावतात ते ड्रॅगन फ्रूट, या सगळ्या कोरड्या मुलखात तगणाऱ्या वनस्पती. दिवसा पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची बारीक छिद्रं, उघडली तर हवा आत येईल, पण त्याच दारातून पाणीही उडून जाईल. म्हणून त्या दिवसा दारं लावून घेतात आणि रात्री उघडतात. रात्री आत आलेला कार्बन डायऑक्साइड त्या मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात. हरभऱ्याच्या पानावरची आंब ज्यांनी चाखली असेल त्यांना हे आम्ल ओळखीचं आहे, त्या आंबेतही ते असतं. सूर्य वर आला की साठा फोडायचा आणि बंद दाराआड साखर शिजवायची. मद्रासकडे काम करणाऱ्या बेंजामिन हाइन या निसर्गअभ्यासकाला पानफुटीचं पान सकाळी आंबट लागलं आणि दुपारी बेचव. त्याने लंडनला पत्र पाठवून हे कळवलं, ते १८१५ मध्ये छापून आलं. एका माणसाच्या जिभेने पानाचा दिनक्रम पकडला! (तुम्ही मात्र चाखत बसू नका, पानफुटीत विषारी द्रव्यंही असतात.) आपल्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं. ज्या घरात बादल्या मोजून पाणी वापरलं जातं, तिथे या झाडांची काटकसर समजावून सांगावी लागत नाही.

पण नीट बघा, या वनस्पती रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेतात. ऑक्सिजन तयार होतो तो उजेडातच, कारण पाणी फोडायला त्यांनाही सूर्य लागतो. मेसेज लिहिणाऱ्याने अर्ध वाक्य उचललं आणि उरलेलं स्वतःच्या मनाने जोडलं. पिंपळ-तुळशीला तर हे अर्धं वाक्यही लागू नाही.

नासाचं नाव उगाच आलेलं नाही. १९८९ मध्ये नासाने घरातल्या झाडांवर प्रयोग केले होते, त्यांत स्नेक प्लांट होता. ते लहान, हवाबंद पेट्यांत केले होते, आणि मोजलं होतं ते बेंझिन, फॉर्माल्डिहाइडसारख्या वायूंचं प्रमाण, ऑक्सिजन नव्हे. पुढे २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेणारा अभ्यास आला. दारं-खिडक्यांतून हवेच्या नेहमीच्या ये-जेने हवा जितकी स्वच्छ होते तितकी झाडांनी करायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असं त्यात निघालं. काकांच्या खोलीत तेवढी झाडं लावली तर खाट ठेवायला जागा उरणार नाही.

ओझोनचं तर मला नवलच वाटतं. वर आभाळात तो आपलं रक्षण करतो, पण श्वासातून आत गेला तर घसा आणि फुप्फुसं जाळतो. भारताच्या हवेच्या मानकांत तो प्रदूषक म्हणून नोंदलेला आहे, मर्यादा आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम. तुळशीने तो खरंच सोडला असता तर ती अंगणातून उचलावी लागली असती. तिच्या पानाला येतो तो वास युजेनॉलसारख्या तेलांचा, लवंगेत असतं तेच.

आता 'बाकीची झाडं विषारी' याचा हिशोब. दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली म्हणजे सुमारे २८,३०० लिटर हवा. त्यात ऑक्सिजन साधारण ५,९०० लिटर. झोपलेला माणूस आठ तासांत त्यातला १०० ते १२० लिटर वापरतो. पाच-सहा कुंड्यांचं रात्रीचं श्वसन याच्यापुढे नगण्य. म्हणजे कुंडीने खोलीत ना भर पडते ना घट होते. मनीप्लांट खुशाल ठेवा. काकांच्या खोलीत ऑक्सिजन कमी नाहीच, त्यांच्या फुप्फुसांतून तो रक्तात पुरेसा उतरत नाही. म्हणून मशिन हवेतला नायट्रोजन बाजूला काढून नव्वद टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन देतं. एकवीस टक्क्यांचे नव्वद करणारं झाड जगात नाही. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, ऑक्सिजनसाठी लोक रात्र-रात्र फिरत होते तेव्हाही, पिंपळाखाली झोपा असं सांगणारे होते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय मशिनला हात लावू नका, आणि खिडकी उघडी ठेवा.

एसीबद्दल मात्र थोडं तथ्य आहे, पण ते अंगणात. एक लिटर पाण्याची पानातून वाफ होताना सुमारे ०.६७ युनिट विजेइतकी उष्णता शोषली जाते. मे महिन्यात पारा ४४ च्या घरात असताना पारावर बसलेल्या माणसाला हे आकडे लागत नाहीत. त्याच पिंपळाच्या बारक्या फळात शेकडो फुलं आत तोंड करून दडलेली असतात. एक इवलीशी गांधीलमाशी अरुंद भोकातून आत घुसते, बऱ्याचदा पंख गमावते, परागकण पोचवते, अंडी घालते आणि तिथेच मरते. तिच्या पिलांतल्या माद्या पराग घेऊन दुसऱ्या पिंपळाकडे उडतात. त्या माशीशिवाय पिंपळाला बी नाही. मग पक्षी ती फळं खातात, आणि जुन्या भिंतीच्या फटीत एक लाल कोवळं पान हलायला लागतं.

काकूंची खिडकी आता उघडी आहे, मशिन चालू आहे. तुळस परत वृंदावनात गेली. काकांनी पानफुटीचं एक पान मागून घेतलं, ओल्या कापसावर ठेवलंय. कडेच्या दोन खाचांतून कोंब आलेत, तिसऱ्याची ते वाट बघतायत.