पुतण्याचा गेम आणि आजोबांचा आकडा

नमस्कार,

पुतण्याच्या माइनक्राफ्टबद्दल, म्हणजे ठोकळे रचून हवं ते बांधायच्या गेमबद्दल, मागच्या लेखात लिहिलं त्यावर तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मोबाइलवरचा गेम ही जुगाराची पहिली पायरी, सरकारने पैशांच्या गेमबरोबर बाकीचेही बंद करायला हवे होते, आणि मी वडापाव-मिसळीवर लिहितो तेच बरं, राजकारणात पडू नये. शेवटी विचारलंत, ‘तुमच्या घरी काय नियम आहेत ते तरी सांगा.’ पोटतिडकीने लिहिलंत, म्हणून सविस्तर उत्तर देतोय.

जुगार आमच्या घराने पाहिलाय. आजोबा लालबागला गिरणीत साच्यावर होते. पगाराच्या दिवशी आजी गिरणीच्या गेटवर जाऊन उभी राहायची, कारण गेट ते चाळ या वाटेवर मटक्याचा बुकी बसायचा. मुंबईत हा आकडा सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कापूस बाजारावर लागायचा. तिथला उघडतानाचा आणि बंद होतानाचा भाव टेलिप्रिंटरवर यायचा, त्यावर पैसे. म्हणजे दिवसभर कापडावर राबणारी माणसं संध्याकाळी कापसाच्याच भावावर घर लावत होती. ते बंद पडल्यावर १९६२ मध्ये कल्याणजी भगतने आणि १९६४ मध्ये रतन खत्रीने आपापला मटका सुरू केला. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द तेवढे राहिले. आजीच्या पाटल्या दोनदा गहाण पडल्या. दुसऱ्यांदा गेल्या त्या परत आल्या नाहीत.

आता वडापावाच्याच गाडीवरचं सांगतो. स्टेशनबाहेर मी जिथे खातो तिथे वडे तळणारा एक पोरगा आहे, पंचविशीतला. २०२५ च्या जूनमध्ये तो वडे कढईत सोडायचा आणि डाव्या हातात मोबाइल धरायचा. एकदा अख्खा घाणा करपला. मालक ओरडला, गिऱ्हाइकं थांबली होती, तरी त्याची नजर पत्त्यांवरून हलेना. नंतर एका दुपारी, गर्दी नसताना, त्याने मला सगळं दाखवलं. रमीच्या अ‍ॅपवर आधी बोनस मिळाला, दोन डाव जिंकला, आणि पुढे सात तारखेचा पगार नऊ तारखेला संपायला लागला. हरला की मेसेज यायचा: आत्ता पैसे भरा, जास्तीचे खात्यात जमा करतो. आजोबांना बुकीसाठी नाक्यापर्यंत चालत जावं लागायचं, याचा बुकी रात्रभर उशाशी होता.

म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये म्हटलं होतं आणि पैशाची रमी चालवणारे त्याच्याच आडोशाला उभे राहायचे. नव्या कायद्याने तो वादच बाजूला ठेवला. कौशल्य असो की नशीब, पैसे लावून जिंकायचं आमिष असेल तर असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, आणि ते योग्यच आहे. त्या पोराला तुरुंगात घालून काय साधणार?

पण याच कायद्याने ई-स्पोर्ट्स, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळले जाणारे व्हिडिओ गेम, आणि करमणुकीचे साधे गेम वेगळे काढलेत. तुम्ही ज्या बंदीचा दाखला देता, तीच बंदी हा फरक करते.

पुतण्याने मे महिन्याच्या सुट्टीत काय केलं ते सांगतो. आमची चाळ पाडून तिथे टॉवर झाला. त्याने ती कधीच पाहिलेली नाही. त्याने ती माइनक्राफ्टमध्ये बांधायला घेतली. लाकडी जिना, सामायिक गॅलरी, टोकाला नळ. दार आत उघडायचं की बाहेर, मोरी कुठल्या कोपऱ्यात, हे विचारायला तो रोज माझ्या वडिलांकडे जायचा. ‘मोरी दाराच्या मागे’ असं म्हणून बाबांनी कागदावर खोली काढून दिली. एरवी बाबा त्या खोलीविषयी कधीच बोलत नाहीत. याला मी आकडा लावणं कसं म्हणू?

तुमचं एक मात्र खरं आहे. काही गेममध्ये पैसे देऊन बंद पेटी घ्यायची आणि आत काय निघेल ते नशिबावर, असा प्रकार असतो. बेल्जियमने २०१८ मध्येच अशा पेट्यांना जुगार ठरवलं. आधीच्या लेखात मी हे लिहायला हवं होतं, ती माझी चूक.

राजकारणाचं म्हणाल तर, जुलै २०२५ मध्ये विधिमंडळात बसलेल्या आपल्याच कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवर रमी दिसल्याचा व्हिडिओ सगळ्या महाराष्ट्राने पाहिला. आपण खेळत नव्हतो, असं माणिकराव कोकाटे यांनी सांगितलं. महिनाअखेरीस त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. रमी सभागृहापर्यंत पोचली असताना तिच्याबद्दल राजकारण टाळून कसं लिहू? शेतकऱ्यांच्या खात्याचा प्रश्न होता तो.

आता घरातले नियम. गेम हॉलमध्येच, सगळ्यांच्या देखत. त्याच्या टॅबला कुणाचंही कार्ड किंवा यूपीआय जोडलेलं नाही. पेटीवाले गेम नाहीत. रात्री नऊनंतर टॅब बाबांच्या कपाटात, आणि चावी बाबांकडे. चाळीचा तिसरा मजला अजून बाकी आहे, त्यामुळे सध्या नऊचे सव्वानऊ होतात आणि ते बाबांमुळेच होतात.

तुमचा,
लालबागकर