मुरमाडावरचं ऊन आणि काकांचं गवत

दिवाळीला गावी गेलो, तर ओसरीवर एक एजंट बसलेला. हातात चकचकीत फाईल. "नेपियर गवत लावा, टनावर उचलतो, त्याचा गॅस करून गाड्या चालवू." काका निम्मे राजी झालेलेच.

यवतजवळ आमची सात एकर. चार एकरांना बेबी कालव्याचं पाणी (म्हणजे आम्हा पुणेकरांचंच सांडपाणी, मुंढव्याहून उपसलेलं!). उरलेली तीन एकर वरच्या अंगाला, निव्वळ मुरूम. तिथे कुसळं सोडून काही येत नाही. एजंटाचा डोळा अर्थातच खालच्या चारांवर.

तो गेल्यावर मी उसाच्या बिलाच्या मागे आकडे मांडले. गवताचं राहू दे, काकांना ऊस कळतो. आडसाली ऊस एकरी ५० टन. टनाला ७० लिटर इथेनॉल धरलं तर ३५०० लिटर, पण त्याला १६ महिने लागले. म्हणजे वर्षाला साधारण २६०० लिटर. लिटरमध्ये उष्णता सहा युनिटांच्या आसपास, म्हणजे १५-१६ हजार युनिटं. त्यातली तीन चतुर्थांश गाडीच्या इंजिनात तापून वाया. बगॅसच्या (उसाच्या चोथ्याच्या) विजेचे चार-पाच हजार वर टाका हवं तर.

आता सौर पॅनल. एक मेगावॅटला चार-पाच एकर लागतात आणि आपल्याकडे वर्षाला १५ लाख युनिटं निघतात. एकरी तीन लाखांच्या पुढे! तेही पाटाच्या पाण्याशिवाय, पावसाळ्याचे ढगाळ दिवस धरून.

काकांना पटेना. "पान पण ऊनच खातंय की." खातंय, पण पदरात पाडतं शंभरातलं जेमतेम एक. पॅनल वीस. शिवाय लागणीनंतर तीन-चार महिने सरीतलं ऊन नुसतं माती तापवतं.

संध्याकाळी सहानंतर पॅनल म्हणजे नुसती काच, हे मान्य. इथेनॉल टाकीत भरून ठेवता येतं, बगॅस रात्रीही बॉयलरला घालता येतो. म्हणून बगॅस जाळायला माझी ना नाही, तो उसासोबत येतोच. पण भिजणारं रान मुद्दाम जाळण्यासाठी पिकवायचं, हे मला झेपत नाही. तिथे कांदा करा, गहू करा.

आणि मुरमाड मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत पॅनलसाठी भाड्याने द्या. भाडं हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, दरसाल ३ टक्के वाढ. कुसळांनी इतके कधी दिले होते? सबस्टेशन जवळ हवं, ते आमच्या सुदैवाने आहे.

काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "शेजारच्या आबानं लावलं होतं ना गवत. कंपनीचा ट्रक आलाच नाही. पण त्याच्या म्हशींनी दोन वर्षं खाल्लं. तुझी काच कोण खाणार?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सातबारा काढायला मात्र ते सोमवारी स्वतःच गेले, फक्त वरच्या तीन एकरांचा. खालच्या चारांत यंदाही ऊसच आहे.