क्लाइमो, मॅकबेथ आणि माझं एक चुकलेलं वाक्य

डिस्क गोल्फमधला आजवरचा सर्वांत मोठा खेळाडू कोण, यावर मागच्या महिन्यात लिहिलं होतं. त्यात मी केन क्लाइमोला पहिला नंबर दिला आणि पॉल मॅकबेथला दुसरा. त्यावर ऑस्टिनहून एका वाचकाने सणसणीत प्रतिक्रिया पाठवली. ती बरीच लांब आहे, म्हणून तिचा गाभा तेवढा इथे देतो:

"बारा जगज्जेतेपदं विरुद्ध सहा, म्हणून क्लाइमो दुप्पट मोठा, हे शाळकरी गणित झालं. १९९० मध्ये मूठभर हौशी लोक बागेत हा खेळ खेळायचे. तो क्लाइमो आज उतरला तर पहिल्या दहातही येणार नाही. रेटिंग बघा. ब्रॅडमनला आपण मानतो कारण त्याच्या वेळी क्रिकेट वयात आलेलं होतं. तुमचा लेख म्हणजे निव्वळ स्मरणरंजन. बायकांबद्दल तर चकार शब्द नाही. आणि तुमचं स्वतःचं रेटिंग किती, तेही एकदा सांगून टाका."

चार ओळींत उत्तर द्यायला बसलो आणि ते काही चार ओळींत आटपेना.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: नियम गोल्फचेच, पण चेंडूऐवजी साधारण २१ सेंटिमीटर व्यासाची प्लास्टिकची चकती, आणि खड्ड्याऐवजी साखळ्या लटकवलेली लोखंडी बास्केट. कमीत कमी फेकींत चकती बास्केटात घालायची. कॅलिफोर्नियात एड हेड्रिकने १९७५ मध्ये पहिला कायमचा कोर्स उभारला, पुढच्याच वर्षी पीडीजीए ही संघटना काढली, आणि तिचा सभासद क्रमांक १ स्वतःकडे ठेवला.

आता मुद्द्यावर. "दुप्पट" हे वाक्य मी मागे घेतो. लिहिताना ते फार झकास वाटलं होतं, तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. जगज्जेतेपदं म्हणजे गव्हाची पोती नव्हेत, की बारा पोती सहा पोत्यांच्या दुप्पट भरावीत. तुमच्या बाजूचा पुरावा मीच देतो. २०२१, युटामधलं ऑग्डेन, शेवटचं होल. मॅकबेथ एका फेकीने पुढे. जेम्स कॉनरॅड बास्केटपासून २४७ फुटांवर, म्हणजे तब्बल ७५ मीटर लांब. तिथून लोक बास्केटच्या जवळ टाकायला बघतात. आत घालायचा विचारही करत नाहीत. कॉनरॅडने फेकली, चकती वळत वळत आली आणि साखळ्यांत जाऊन बसली. बरोबरी झाली, प्लेऑफ झाला आणि कॉनरॅड जगज्जेता झाला. पुढच्याच वर्षी कॅन्ससमधल्या एम्पोरियात मॅकबेथने सहावं जेतेपद घेतलं, तेही प्लेऑफमध्येच. म्हणजे दोन फेकी इकडच्या तिकडे झाल्या असत्या, तर त्याचा आकडा पाच झाला असता किंवा सात. २०२० ची स्पर्धा तर करोनामुळे झालीच नाही. असल्या आकड्याला भागाकार लावणं खरंच शाळकरी आहे. मान्य.

पण त्याच दमात तुम्ही म्हणता, "रेटिंग बघा." इथे मात्र तुम्ही माझीच चूक करताय, फक्त जरा महागड्या कॅल्क्युलेटरवर.

पीडीजीएचं रेटिंग म्हणजे परीक्षेतले टक्के नव्हेत. तो वर्गातला नंबर आहे. त्या दिवशी त्या कोर्सवर ज्यांची रेटिंगं आधीपासून ठरलेली आहेत असे खेळाडू किती फेकींत परत आले, त्यावरून त्या दिवशी किती फेकींना १००० रेटिंग द्यायचं ते ठरतं. तुम्ही त्यापेक्षा किती वर किंवा खाली, एवढंच ते सांगतं. म्हणजे मोजमाप नेहमी बरोबरच्या लोकांशी. दुसऱ्या काळातल्या माणसाशी त्याचा सांधा कुठेच जुळत नाही. शिवाय ही पद्धत १९९८ च्या सुमारास सुरू झाली. क्लाइमोने १९९० ते १९९८ अशी ओळीने नऊ वर्षं जगज्जेतेपद घेतलं. ज्या पट्टीने मोजा म्हणता, ती पट्टी बाजारात येईपर्यंत माणूस नऊ वेळा जिंकून मोकळा झाला होता.

मैदान लहान होतं, हे मात्र खरं, आणि त्यासाठी रेटिंगची गरजही नाही. सभासद क्रमांक पुरेसे आहेत, कारण ते पहिल्या दिवसापासून एकेकाने वाढत आलेत. हेड्रिक १. क्लाइमो ४२९७. मॅकबेथ २७५२३. आजच्या पिढीतला गॅनन बर ७५४१२. क्लाइमो आत आला तेव्हा संघटनेच्या जन्मापासूनचे सगळे सभासद गोळा केले असते, तरी एखाद्या मोठ्या गावच्या जत्रेएवढी गर्दी झाली नसती. ही गोष्ट मी मूळ लेखात दडपली, असं तुम्ही म्हणालात. दडपली नव्हती, सुचली नव्हती. परिणाम एकच, हेही कबूल.

आता ती "पहिल्या दहातही येणार नाही" वाली गोष्ट. मला विचारायचंय: येताना त्याच्या पिशवीत काय असणार?

गेल्या मे महिन्यातला प्रसंग सांगतो. मी शार्लटला राहतो. आमच्याकडच्या कोर्सवर एक निवृत्त गृहस्थ रोज सकाळी येतात, ऐंशीच्या दशकापासून खेळतात. त्यांच्या पिशवीत चार रॉक होत्या. रॉक ही १९८७ ची डिस्क, काठाला बोथट, फार लांब न जाणारी. चारही एकाच साच्यातल्या, चारही नारिंगी. मला चौघींत काही फरक दिसेना. त्यांनी माझं बोट धरून एकेकीच्या काठावरून फिरवलं. पहिलीचा काठ गुळगुळीत. दुसरीला बारीक टवके. चौथीचा काठ असा खरबरीत, की शेवग्याच्या शेंगेवरून बोट फिरवल्यासारखं वाटावं. मग म्हणाले, फेक. उजव्या हाताने, बॅकहँड, तेवढाच जोर. नवी होती ती शेवटी डावीकडे वळून पडली. दुसरी जवळजवळ सरळ गेली. चौथीने हातातून सुटताच उजवीकडे कूस घेतली ती झाडीतच शिरली.

जुनं प्लास्टिक मऊ होतं. झाडांचा मार खाऊन त्याची चाल बदलायची. आपल्याकडे लोणचं मुरतं तशी डिस्क मुरायची, आणि खेळाडू मुरण्याच्या पायरीप्रमाणे तीनचार रॉक बाळगायचे: ही डावीकडे वळणारी, ही सरळ जाणारी, ही उजवीकडे जाणारी. क्लाइमोचं राज्य या प्लास्टिकवरचं. २००० च्या आसपास टणक, टिकाऊ प्लास्टिक आलं, पाठोपाठ रुंद आणि धारदार काठाच्या लांब पल्ल्याच्या डिस्क आल्या. २००२ मध्ये क्रिस्टियन सँडस्ट्रॉमने २५० मीटरचा जागतिक विक्रम केला. २०१६ मध्ये डेव्हिड विगिन्सने नेवाडाच्या वाळवंटात, वाऱ्यावर, ३३८ मीटर. दंड मजबूत झाले असतील, पण चौदा वर्षांत माणसाचा हात ८८ मीटरने वाढत नाही.

तेव्हा क्लाइमोला आजच्या टीवर, म्हणजे पहिली फेक जिथून करतात तिथे, त्याच्या चार मुरलेल्या रॉक देऊन उभं केलंत तर तो हरेल, नक्की हरेल. मॅकबेथला १९९५ च्या टीवर त्याच चार रॉक दिल्यात तर? तो शिकेल, त्याच्याएवढा चिकाटीचा माणूस शिकेलच. २०१८ मध्ये मिशिगनमध्ये त्याने एका राउंडमध्ये १८ होलना १८ अंडर, म्हणजे ठरलेल्या फेकींपेक्षा १८ फेकी कमी, असा स्कोअर केला होता. असल्या हाताला काय अशक्य आहे? पण शिकायला वेळ लागेल, आणि तेवढ्यात क्लाइमो दोन जेतेपदं घेऊन जाईल. हा खेळ मनातल्या मनात कितीही वेळा खेळता येतो. निकाल मात्र खेळवणाऱ्याच्या मनासारखा लागतो.

ब्रॅडमनचं म्हणाल, तर तो मुद्दा मला खरंच आवडला, कारण तो तुमच्यावरच उलटतो. पहिली कसोटी १८७७ ची, ब्रॅडमनचं पदार्पण १९२८ चं. मध्ये ५१ वर्षं. डिस्क गोल्फचा पहिला कोर्स १९७५ चा, क्लाइमोचं पहिलं जेतेपद १९९० चं. मध्ये १५ वर्षं. त्या हिशेबाने क्लाइमोचा शोध ब्रॅडमनच्या काळात घ्यायचाच नाही. कसोटीच्या घड्याळात तेव्हा १८९२ वाजले होते, आणि मैदानात दाढीवाले डब्ल्यू. जी. ग्रेस होते. १८७१ च्या मोसमात इंग्लंडमध्ये प्रथम श्रेणीची सगळी मिळून १७ शतकं झाली. त्यांतली १० एकट्या ग्रेसची. समोर कोण होतं, खेळपट्ट्या कशा होत्या, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी ग्रेसला कोणी "बागेतला हौशी" म्हणत नाही. बाकीचे सगळे त्याच खेळपट्टीवर खेळत होते आणि त्या सगळ्यांची मिळून सात झाली.

इथवर आलं की वाद बहुधा "प्रत्येक जण आपापल्या काळात मोठा" या गुळमुळीत ठिकाणी येऊन बसतो. मला तिथे बसायचं नाही. कारण क्लाइमोच्या बाबतीत एक गोष्ट हाताशी आहे. तो थांबलाच नाही.

नऊ वर्षांची माळ १९९९ मध्ये तुटली, रॉन रसेलने तोडली. तुमच्या म्हणण्याप्रमाणे मूठभर हौशींचा राजा तिथेच संपायला हवा होता, कारण त्याच सुमाराला नवं प्लास्टिक आलं, पैसा थोडा वाढला, पोरं तयार झाली. क्लाइमो २००० मध्ये पुन्हा जिंकला. २००२ मध्ये पुन्हा. त्यानंतर बॅरी शुल्ट्झने दोनदा, २००५ मध्ये नेट डॉसने. डॉस तेव्हा विशीतला पोरगा. २००६ मध्ये क्लाइमो जिंकला, वय ३८. २००७ मध्ये परत डॉस.

आणि हाच डॉस २०११ मध्ये तिसऱ्यांदा जगज्जेता झाला. त्याच्या पुढच्या वर्षापासून, २०१२ ते २०१५, सलग चार वर्षं मॅकबेथ. म्हणजे मॅकबेथच्या लगेच आधी गादीवर बसलेला माणूस आणि उतारवयातल्या क्लाइमोने ज्याला गादीवरून उठवलं तो माणूस, दोन्ही एकच. काळाच्या दोन टोकांमध्ये हा एक पूल आहे, आणि त्यावरून चालत जाता येतं. मूळ लेखात मी हे लिहायला हवं होतं. भागाकार करत बसलो.

पूल कच्चा आहे, हे तुम्ही म्हणण्याआधी मीच म्हणतो. २०११ चा डॉस २००६ च्या डॉसपेक्षा सरस असणार. पण मग २००६ चा क्लाइमो १९९५ च्या क्लाइमोपेक्षा उणा असणार, हेही मानायला हवं. सूट द्यायची तर दोघांना द्या.

त्यात यूएसडीजीसी, म्हणजे अमेरिकेची डिस्क गोल्फ अजिंक्यपद स्पर्धा, धरा. ही साउथ कॅरोलायनातल्या रॉक हिलमध्ये विन्थ्रॉप विद्यापीठाच्या आवारात १९९९ पासून होते. क्लाइमोने ती पाच वेळा जिंकली: १९९९, २०००, २००२, २००४, २००७. आमच्या घरापासून अर्ध्या तासावर, त्यामुळे दर ऑक्टोबरात जातो. गवतावर सगळीकडे पिवळे दोर टाकलेले असतात; दोराबाहेर डिस्क गेली की एक फेक दंड. तिथे ताकदवान माणूस रडताना दिसतो आणि नेमकं टाकणारा शांतपणे पुढे सरकतो. मऊ प्लास्टिकवर घडलेला हात नव्या शतकातल्या त्या दोरांमध्ये पाच वेळा टिकला, यात माझं स्मरणरंजन नाही. मी तर २००७ मध्ये हा खेळ पाहिलाही नव्हता. आठवण असायला आधी पाहावं लागतं.

बायकांचं. इथे मला काही बचाव नाही, नुसती लाज आहे. आणि गंमत अशी, की त्यांच्यापासून सुरुवात केली असती तर ते "दुप्पट" वाक्य सुचलंच नसतं. एलेन किंग, पाच जगज्जेतेपदं. ज्युलियाना कॉर्व्हर, पाच: १९९८ पासून ओळीने चार, मग २००३. पेज पियर्स, तीही पाच, २०११ पासून २०१९ पर्यंत एक वर्ष आड, जणू उपास धरलेला. करा भागाकार! पुढे २०२२ आणि २०२३ एस्टोनियाच्या क्रिस्टिन टाटारने घेतली, म्हणजे तोवर खेळ अमेरिकेच्या हातात उरलेला नव्हता. माझं मत विचाराल तर पियर्स, कारण तिने बायकांचा खेळ लांब पल्ल्याचा केला आणि नंतरच्या मुलींना तिच्या मागे धावावं लागलं. पण पूल कोण, विचाराल तर कॉर्व्हर. पन्नाशीच्या आसपास ती पुन्हा मोठ्या टूरवर आली आणि आपल्या मुलीच्या वयाच्या खेळाडूंबरोबर खेळली. पुढचा लेख तिच्यावर लिहितोय.

थोडक्यात क्रम तोच ठेवतोय, कारण बदलतोय. मूळ लेखातलं "दुप्पट" वाक्य पुसलेलं नाही, त्यावर आडवी रेघ मारून खाली तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख केलाय.

राहिलं रेटिंग. ८४७. मागच्या वर्षी ८६१ होतं. या ऑक्टोबरात रॉक हिलला येणार असाल तर शनिवारी मी सतराव्या होलपाशी असेन, ते बेटासारखं ग्रीन आहे तिथे. तुमचं किती, ते तिथे आल्यावर सांगा.